‘निवारा लॉज’ची दिव्यांची पाटी

हौशी रंगभूमीवर नेपथ्य करणाऱ्यांच्या वाट्याला दारे, खिडक्या, जिने आणि देव्हारे नेहमीच येतात. आतून उजळणारी पाटी क्वचितच येते. राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावरील प्राथमिक फेरीसाठी आमच्या संस्थेने जे नवे दोन अंकी नाटक निवडले, ते रेल्वे स्टेशनजवळच्या एका जुन्या लॉजमध्ये घडते. ‘निवारा लॉज’ ही त्या लॉजच्या दर्शनी भिंतीवरची पाटी पहिल्या अंकात अखंड पेटलेली असते. दुसऱ्या अंकात तिच्यातला ‘रा’ फडफडू लागतो, मालक बोलता बोलता थांबून वर पाहतो, थोड्या वेळाने ते अक्षर कायमचे विझते आणि उरलेल्या पाटीच्या उजेडातच शेवटचा प्रवेश होतो. संहिता वाचून झाल्यावर माझ्या ध्यानात आले की आपल्याला एकाच वेळी दोन पाट्या बनवायच्या आहेत: पेटल्यावर शेवटच्या रांगेतून वाचता येईल अशी एक, आणि विझल्यावर खरोखर मेलेली दिसेल अशी दुसरी. पहिलीचा विचार सगळेच करतात. माझा अधिक वेळ दुसरीने घेतला आणि तो योग्य ठिकाणी गेला असे मी आजही मानते.

जुन्या लॉजची पाटी म्हटली की प्रथम निऑन आठवतो. विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये हा वायू शोधला आणि जॉर्ज क्लॉद यांनी १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याच्या लांब नळ्या उजळून दाखवल्या, तेव्हापासून लालसर नारिंगी उजेड आणि रात्रीचे शहर यांची जोडी लोकांच्या मनात पक्की बसली आहे. परंतु खऱ्या निऑनला वाकवलेली काच आणि हजारो व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागतो. टेम्पोतून जाणाऱ्या आणि अंधारात हातांनी चाचपडत उभारल्या जाणाऱ्या नेपथ्यात या दोन्ही गोष्टींना जागा नाही. शिवाय दिग्दर्शकांसोबत सीताबर्डी आणि स्टेशनचा परिसर संध्याकाळी पायी फिरून मी ज्या जुन्या पाट्या पाहिल्या, त्यांतील बहुतेक दुधी ॲक्रिलिकच्या मागे ट्यूबलाइट लावलेल्या होत्या. ऊन खाऊन ते ॲक्रिलिक पिवळट झालेले होते आणि खालच्या कडेला मेलेल्या किड्यांची काळी रेघ साचलेली होती. आमच्या मालकाच्या ऐपतीला हीच पाटी शोभणारी होती, म्हणून निऑनचा विचार तिथेच संपला.

आकार ठरवताना पाट्या बनवणाऱ्यांमध्ये रूढ असलेला ढोबळ हिशेब मी धरला: दर १० फूट अंतरामागे अक्षराची उंची निदान १ इंच असावी. शेवटच्या रांगेपर्यंतचे अंतर ८० फूट धरले तर ८ इंच पुरेसे होतात, पण हा हिशेब रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांसाठी आहे. देवनागरीत अक्षराच्या अंगाखेरीज वर वेलांटी आणि चंद्र असतो आणि गाठी-पोटांचे बारकावे आतच मावावे लागतात. त्यामुळे शिरोरेघेपासून खाली १२ इंच आणि वेलांटीसाठी वर आणखी ५ इंच अशी उंची घेतली. रुंदी सुमारे ६ फूट झाली.

अक्षरांसाठी संगणकावरचे फॉन्ट लावून पाहिले, तर पाटी काल बसवलेली वाटू लागली. तेव्हा महालातील एका वयस्कर पेंटरकाकांकडे गेले. त्यांनी खाकी कागदावर सपाट ब्रशने संपूर्ण नाव प्रत्यक्ष आकारात एका दमात लिहून दिले आणि वर एक मोलाची गोष्ट सांगितली. रंगवलेल्या अक्षराची रेघ कितीही जाड चालते, पण पेटणाऱ्या अक्षराची रेघ बारीकच ठेवावी, कारण उजेड कडेबाहेर सांडतो आणि अक्षराचे पोट भरून टाकतो. ‘व’चे पोट भरले तर लांबून तिथे नुसता पांढरा गोळा दिसतो आणि ‘निवारा’ वाचणारा मध्येच अडखळतो. त्यामुळे २ इंचांची रेघ दीड इंचावर आणली, आणि ‘व’चे पोट काकांनी स्वतःच्या हाताने थोडे फुगवून दिले. संगणकाने हे मला कधीच सांगितले नसते.

पुढचा प्रश्न अक्षरे उभी राहण्याचा होता. रोमन अक्षरे बहुधा सुटी आणि तळाशी टेकणारी असल्याने त्यांना खालून आधार देता येतो. आपली अक्षरे मात्र तळाशी एका पातळीवर येतच नाहीत. ‘र’चा पाय तिरपा सुटतो, ‘ल’ हवेत वळतो, ‘ज’चा आकडा मध्येच थांबतो. मी तळाला पट्टी लावून प्रत्येक अक्षराखाली ठोकळे देण्याचा आराखडा घेऊन लकडगंजला आमच्या नेहमीच्या सुतारांकडे गेले. त्यांनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “ताई, अक्षरं खालून काहून टेकवून राहिल्या? वरच्या रेघेलेच टांगा न.” पाटीची सगळी रचना या एका वाक्यात सुटली. शिरोरेघ हीच तुळई झाली. १ इंची चौकोनी ॲल्युमिनियम पाइप तिच्या मागून आडवा नेला, प्रत्येक अक्षर त्याला दोन स्क्रूंनी टांगले आणि सगळ्या तारा त्याच पाइपच्या पोकळीतून घातल्या. दोन शब्दांमध्ये शिरोरेघ तुटतेच, म्हणून पाटीचे दोन भागही तिथेच पाडले. आत जरा लहान मापाचा पाइप सरकवून बोल्ट आवळला की ‘निवारा’ आणि ‘लॉज’ एकत्र येतात. मोकळा दिसणारा तेवढा पाइप काळा रंगवला. ‘लॉ’वरचा चंद्र कशालाच चिकटलेला नसतो, त्याला मागून लोखंडी पट्टीचा काळा आधार दिला आणि तो प्रेक्षागृहातून अजिबात दिसत नाही.

प्रत्येक अक्षर म्हणजे एक उथळ पेटी. मागची पाठ ५ मिलिमीटर सनबोर्डची, म्हणजे फोमच्या हलक्या फळीची, भिंती ३ मिलिमीटर सनबोर्डच्या आणि समोर ३ मिलिमीटर दुधी ॲक्रिलिक. पेंटरकाकांच्या कागदावरून रेषा काढून ॲक्रिलिक लेझरवर कापून घेतले, बाकी सगळे घरी कटरने केले. सनबोर्डची पट्टी सरळ वाकवली तर मोडते. तिच्या आतल्या बाजूला साधारण ८ मिलिमीटरच्या अंतराने अर्ध्या जाडीपर्यंत चिरा दिल्या की ती हवी तशी वळते. वेलांटीची कमान आणि ‘व’चे पोट असेच वळवले. कमान वळताना चिरा एकेक करून मिटत जातात, आणि बाहेरच्या अंगाला बोट फिरवले तर प्रत्येक चिरेपाशी बारीकसा कंगोरा लागतो. तो पॉलिश पेपरने घासला नाही तर रंगाखाली उठून दिसतो. पेटीची खोली ५० मिलिमीटर ठेवली. दिवे एकमेकांपासून जितके दूर, निदान तितकी किंवा त्याच्या दीडपट जागा दिवा आणि ॲक्रिलिक यांच्यामध्ये असावी, नाहीतर समोरून दिव्यांचे ठिपके मोजता येतात. मीटरला ६० दिव्यांच्या एलईडी पट्टीत दोन दिव्यांमधले अंतर जेमतेम १७ मिलिमीटर असते, त्यामुळे ५० मध्ये उजेड पूर्ण पसरला. सनबोर्ड आतून पांढराच असतो, तोच परावर्तक झाला; मात्र अंधारात तो भिंतींमधूनही उजेड झिरपू देतो, म्हणून बाहेरून काळ्या रंगाचे दोन हात आणि सांध्यांवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी लागली.

‘रा’ स्वतंत्रपणे विझायचा असल्याने एक बारीक पण निर्णायक काम निघाले. अक्षर विझते तेव्हा त्याच्या डोक्यावरचा शिरोरेघेचा तुकडाही विझायला हवा. बाहेरून ती रेघ ‘नि’पासून ‘रा’पर्यंत सलग दिसते, पण आत ‘वा’ आणि ‘रा’ यांच्या सीमेवर सनबोर्डचा पडदा घातला आणि त्याच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. पडदा नसता तर विझलेल्या ‘रा’च्या माथ्यावर शेजारचा उजेड ओघळला असता आणि अक्षर अर्धवट जिवंत वाटले असते.

विजेचा हिशेब सोपा होता. १२ व्होल्टची २८३५ जातीची पट्टी मीटरला सुमारे ५ वॅट घेते. आमच्या अक्षरांत आणि रेघेत मिळून ७ मीटर पट्टी बसली, म्हणजे ३५ वॅट आणि जवळपास ३ अँपिअर. ५ अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारा डबा, घेतला, जेणेकरून तो तापून दमणार नाही. जाड दिव्यांची ५०५० जातीची पट्टी मीटरला १४ वॅटपर्यंत घेते. दुकानदार तीच पुढे करतात, पण रंगमंचावर तिचा उपयोग नाही, कारण पाटीचा उजेड आपल्याला वाढवायचा नसून आवरायचा असतो. एसएमपीएस विंगेत ठेवावा की पाटीमागे, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार विंगेतून १० मीटर आणली तर जाऊन-येऊन २० मीटर होतात आणि ३ अँपिअरला सुमारे १ व्होल्ट वाटेतच खर्च होतो. १२ पैकी १ व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु पट्टीत तीन-तीन दिवे एका ओळीत जोडलेले असून त्यांना मिळून ९ व्होल्टच्या आसपास लागतात. प्रवाह ठरवणाऱ्या रोधकाच्या वाट्याला फक्त उरलेले ३ येतात, आणि त्यातला १ गेला की उजेड चांगलाच पडतो. म्हणून एसएमपीएस पाटीमागच्या चौकटीवर, झाकणाच्या पेटीत बसवला, अर्थिंगसह तीन तारांची वायर तिथवर नेली आणि १२ व्होल्टच्या बाजूला फ्यूज दिला. एसएमपीएसची टोके उघडी असतात. ती झाकल्याशिवाय रंगमंचावर आणू नयेत, हे मी आमच्या मुलांना अगदी निक्षून सांगते.

विंगेत गेली ती फक्त बटणांची बारीक वायर. पाटीमागे आर्डुइनो नॅनो हा एक छोटा नियंत्रक आणि दोन मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, आहेत, एक ‘रा’साठी आणि एक उरलेल्या सगळ्यांसाठी. ५ व्होल्टच्या इशाऱ्यावर पूर्ण उघडणारा मॉस्फेट घ्यावा लागतो. आयआरएलझेड ४४ एन हा तसा आहे. पाटी बंद करणेही याच १२ व्होल्टच्या बाजूने केले, कारण भिंतीवरचे बटण बंद केल्यावर एसएमपीएसमधला साठा संपेपर्यंत पट्टी क्षणभर मंद जळत राहते आणि ब्लॅकआउटमध्ये तो क्षण फार लांब वाटतो.

फडफड कशी असावी यासाठी आमच्या इमारतीच्या जिन्यातली जुनी ट्यूबलाइट कामी आली. नळीच्या टोकांवरचा लेप झिजला की ती पेट धरत नाही आणि स्टार्टर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो: आधी दोन्ही टोके मंद तांबूस होतात, मग एक लख्ख झपका, पुन्हा अंधार, कधी लागोपाठ दोन झपके, मग लांब थांबा. एलईडी नुसती चालू-बंद केली तर ती डिस्कोची वाटते. प्रत्येक झपक्याआधी उजेड अर्धा सेकंद पाच टक्क्यांवर नेला की तीच ट्यूब होते. सुरुवातीला आज्ञावलीत या फडफडीचा क्रम यदृच्छेवर सोपवला होता, तांत्रिकदृष्ट्या तो अधिक खरा होता. पण तालमीत मालकाचे काम करणाऱ्या ज्येष्ठ नटांनी सांगितले की झपका कधी येईल हे ठाऊक नसल्याने त्यांना वाक्याच्या आधी थांबावे की नंतर हे ठरवता येत नाही. त्यांचे म्हणणे मला शंभर टक्के पटले. प्रेक्षकांची नजर हलत्या उजेडाकडे जाणारच. ती कधी जावी हे नाटकाने ठरवायचे, यंत्राने नव्हे. त्यामुळे क्रम ठरावीक केला, त्याची सुरुवात विंगेतल्या बटणावर ठेवली आणि नटांनी तो क्रम आपल्या वाक्यांइतकाच पाठ केला.

आता विझलेल्या अक्षराविषयी. दिवाणखान्यात दिवे घालवून पाहिले तेव्हा विझलेला ‘रा’ उत्तम काळोखी दिसला. परंतु रंगमंचावर समोरून स्पॉट (एका जागेवरचा झोत) आणि जनरल (सगळीकडचा उजेड) पडतात, आणि दुधी ॲक्रिलिक अंगावर पडलेला उजेड तितक्याच दुधाळपणे परत फेकते. तालमीच्या हॉलमध्ये पार जातीचे दोन मंचदिवे पाटीवर टाकताच विझलेले अक्षर पेटलेल्यासारखेच उजळले आणि नाटकाचा शेवटच नाहीसा झाला. यावर पाटीचा उजेड वाढवावा, असा सल्ला बहुतेकांनी दिला. पण तसे केले असते तर शेवटच्या प्रवेशात पाटीखाली बसलेल्या मालकाचा चेहरा काळवंडला असता, कारण डोळा दृश्यातल्या सर्वांत उजळ वस्तूला जुळवून घेतो आणि बाकीचे त्याला अंधारे वाटू लागते.

उपाय प्रकाशयोजना करणाऱ्या आमच्या मित्राच्या जिलेटिनच्या, म्हणजे दिव्यांपुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदांच्या, गठ्ठ्यात सापडला. फिकट तपकिरी जिलेटिनचा एक थर ॲक्रिलिकच्या समोरच्या अंगाला लावला. समोरून येणारा उजेड या थरातून आत जाताना एकदा गाळला जातो आणि परतताना पुन्हा एकदा. आतला उजेड मात्र एकदाच गाळला जातो. थर निम्मा उजेड अडवत असेल, तर पेटलेले अक्षर निम्म्यावर येते आणि विझलेले चौथाईवर, म्हणजे दोघांतले गुणोत्तर दुप्पट होते. वर ते ॲक्रिलिक आपोआप जुने, उन्हाने पिवळलेले दिसू लागले आणि एलईडीचा निळसर पांढरेपणा मरून गेला. संपूर्ण पाटीत मला सर्वांत समाधान देणारी हीच जागा आहे. प्रकाशाचा एक साधा नियम नाटकाच्या अर्थाच्या उपयोगी पडला.

म्हातारपण चढवण्याचे काम त्यामानाने भरभर झाले. पेट्यांच्या कडांवर स्पंजने गंजाचा रंग, प्रत्येक स्क्रूखाली पावसाच्या ओघळाची एक तपकिरी रेघ, माथ्यावर धुळीचा करडा हात, ॲक्रिलिकच्या आतून खालच्या कडेला चहापत्तीचे किडे. जवळून हे सारे भडक दिसते, आणि तसेच दिसायला हवे. पाचव्या रांगेपुढे नाजूक काम पोहोचत नाही.

प्रयोग लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात होता. स्पर्धेत त्याच दिवशी नेपथ्य उभारायचे आणि पडदा पडल्यावर उतरवायचे असल्याने पाटी दोघांनी उचलून, एक बोल्ट आणि एक प्लग जोडून उभी व्हावी, अशी तिची बांधणी आधीपासूनच केली होती. फ्लॅटच्या, म्हणजे नेपथ्यातल्या उभ्या भिंतीच्या, मागे लाकडी चौकट, तिला तिरपे टेकू आणि टेकूंच्या पायांशी रेतीच्या पिशव्या, आणि यांपैकी काही सुटलेच तर पाटी नटांवर येऊ नये म्हणून पाइपमधून चौकटीला बांधलेली वेगळी पोलादी तार. विजेसाठी प्रकाशयोजनाकाराकडून डिमरबाहेरची थेट लाइन मागून घेतली. रंगमंचाचे डिमर विजेची लाट कापून उजेड कमी करतात. त्या कापलेल्या विजेवर एसएमपीएस नीट चालत नाही आणि जळूही शकतो. त्यामुळे पाटीचा उजेड डिमरवरून नव्हे, आपल्याच नियंत्रकावरून कमी करायचा.

उभारणी झाल्यावर मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले, प्रेक्षागृहातले दिवे घालवायला सांगितले आणि रात्रीच्या निळ्या प्रकाशात पाटीचा उजेड हळूहळू खाली आणवला. नाव स्वच्छ वाचता येते आणि पाटीखालच्या खुर्चीवरच्या नटाचे डोळेही दिसतात, असा बिंदू पूर्ण उजेडाच्या तीस टक्क्यांच्या आसपास सापडला. घरी हाच उजेड मिणमिणता वाटला असता. संध्याकाळी प्रयोगात पहिला झपका आला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला हळूच सांगितले, “लाइट गेला वाटते त्यांचा.” लगेच मालकाने वर पाहिले आणि बाई गप्प झाल्या. क्रम जसा बसवला होता तसाच चालला आणि ‘रा’ ठरल्या वाक्यावर विझला.

सगळा खर्च पाच हजारांच्या आत राहिला. त्यात सर्वांत मोठा वाटा ॲक्रिलिक आणि त्याच्या लेझर कापणीचा होता. पाटी आता संस्थेच्या खोलीत दोन भागांत, जुन्या चादरीत गुंडाळून उभी ठेवली आहे. आडवी ठेवली की वर सामान रचले जाते आणि वेलांटीची कमान दबते. पुढच्या नाटकात एका खेड्यातल्या दवाखान्याची पाटी लागणार आहे. तुळई, एसएमपीएस आणि नियंत्रक हेच राहतील; फक्त अक्षरे उतरवून नवी टांगायची आहेत, आणि त्यांचा खाकी कागद पेंटरकाकांकडे पोहोचता केला आहे.